पूर, पुरावा आणि आमची वस्ती

पाणी कुणाची जात विचारीत नाही, हे वाक्य २००५ च्या जुलैनंतर पुष्कळ दिवस ऐकावे लागले. वर्तमानपत्रांतून, सभांतून, आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीतूनसुद्धा. मोटारीच्या काचा बंद राहून गुदमरून मेलेला माणूस आणि झोपडीत बुडून मेलेला माणूस यांच्यात फरक तो काय, असा त्यामागचा भाव. मरणापुरते ते खरे आहे. पण मी वाकोला नाल्याच्या काठी वाढले, त्या मंगळवारी तिथेच होते, आणि पुढची दोन वर्षे वस्तीचे जे सावरणे चालले होते त्यातही होते. पाणी जात विचारीत नसेल. पाणी ओसरल्यावर वही घेऊन दारात उभा राहणारा माणूस मात्र पुष्कळ काही विचारतो, आणि तोंडी उत्तर त्याला चालत नाही. त्याला कागद लागतो. पुरात माणसे गेली, भांडीकुंडी गेली, त्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. कागदांविषयी फारसे कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

आधी पाण्याचा हिशेब. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईत वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या पाचांतले सुमारे दोन भाग एका दिवसात. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. म्हणजे मंत्रालयाच्या खिडकीतून पाहणाऱ्याला तो नेहमीचा श्रावणाआधीचा पाऊस होता, आणि वीसेक किलोमीटरवर आम्ही गळ्याइतक्या पाण्यात होतो. त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. ढग कुठे किती साचला आहे हे वेळेवर कळण्याचा उपाय नव्हता. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात १९० मिलिमीटर पडला. शहराची पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे बांधली होती ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने, तीही ओहोटी असेल तर आणि अर्धे पाणी जमिनीत मुरेल असे धरून. जमीन डांबराखाली आणि सिमेंटखाली गेलेली; आणि त्याच सुमारास, तीनच्या आत, साडेचार मीटरची भरती. ही व्यवस्था अपुरी आहे हे १९८५ च्या पुरानंतरच कळले होते. अभ्यास झाला, १९९३ साली ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल आला, ताशी ५० मिलिमीटरची सोय करावी असे त्यात सांगितले होते. तो अहवाल बारा वर्षे पडून राहिला.

वाकोला नाला हा मिठी नदीचा फाटा. मिठी विहार आणि पवईच्या सांडव्याचे पाणी घेऊन साकीनाका, कुर्ला, कलिना असे करीत जवळजवळ अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. आमचा नाला विमानतळाकडचे आणि कलिन्याकडचे पाणी आणून खाली तिच्यात सोडतो. पण मिठीच तुडुंब असेल तर नाल्याचे पाणी जायचे कुठे? आणि समोर समुद्र फुगलेला असेल तर मिठीचे पाणी जायचे कुठे? ते मागे फिरते. आमच्याकडे पाणी आभाळातून आले त्याहून अधिक नाल्यातून उलटे आले, आणि पहिल्यांदा आले ते संडासातून.

नंतर जो तो म्हणू लागला, झोपडपट्ट्यांनी नदी अडवली. हे अर्धे खरे आहे आणि ते आपण नाकारू नये. आमच्या मागच्या रांगेतल्या घरांच्या भिंती नाल्याच्या पात्रातच उभ्या होत्या. पण विमानतळाच्या धावपट्टीपायी नदीला काटकोनात वळावे लागले, ते काय झोपडीवाल्यांनी केले? खाडीतले खाजण भरून, तिवरांवर माती टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, त्याचा नकाशा कुणाच्या कचेरीत मंजूर झाला? माधवराव चितळे यांच्या सत्यशोधन समितीने २००६ साली अहवाल दिला, त्यात मिठी कशी कुठे आवळली गेली याची मांडणी आहे. कार्यकर्त्यांनी तो मुळातून वाचावा. पात्र आवळणारे दोन प्रकारचे होते. एकाच्या हाती आराखडा होता, दुसऱ्याला दुसरी जागाच नव्हती. बुलडोझर मात्र दुसऱ्याच्याच दारात येतो. २००४ चा डिसेंबर आणि २००५ ची सुरुवात आठवा: त्या एका हिवाळ्यात मुंबईत ऐंशी हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या होत्या. आमची वस्ती त्यातून वाचली होती ती कागदामुळे. त्याकडे मी येणारच आहे.

आम्ही नाल्याकाठी का राहिलो, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. गावात ओढ्याचे वरचे पाणी गावाचे, खालचे आमचे. महारवाडा उताराला. शहरात आलो तेव्हा कुणी आम्हाला ‘इथे बसा, तिथे बसू नका’ असे म्हटले नाही. भाड्याने म्हटले, पागडीने म्हटले, आडनाव विचारणाऱ्या घरमालकाने म्हटले. माझे वडील महाड तालुक्यातून आले, शेजारचे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले. ज्या जमिनीवर पाय रुतत होता तीच मोकळी होती. तिच्यावर डेब्रिज टाकून, दगडमाती आणून ती त्यांनी वर उचलली. ही भरणी करायला कुणाला मजुरी मिळाली नाही. गावातला उतार असा शहरात आमच्याबरोबर आला.

त्या दिवशी मी रात्रशाळेत शिकवायला निघण्यापूर्वी घरीच होते. अडीचच्या सुमारास आईने हाक मारली, ‘मोरीतून पाणी वर येतंय गं.’ दहा मिनिटांत ते घोट्याला, अर्ध्या तासात मांडीला. वस्तीतली पोरे दोरी घेऊन निघाली. लहान मुले, एक बाळंतीण आणि म्हातारी माणसे गावठाणातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या माडीवर नेली. त्या घरातल्या आंटींनी दार उघडताना कोण कुठले हे विचारले नाही, सबंध रात्रभर चहा केला. माझी आई गेली नाही. तिने तांदळाचा डबा, स्टोव्ह आणि दोन गोधड्या पोटमाळ्यावर टाकल्या. कॉटखालची पत्र्याची ट्रंक ओढायला ती वाकली तेव्हा पाणी कमरेला आले होते आणि भरलेली ट्रंक आम्हा दोघींना हलेना. ती तशीच सोडून आम्ही वर चढलो. त्या माळ्यावर रात्रभर आम्ही अकरा जण होतो, पैकी चौघे आमचे नव्हेत. कुर्ल्याहून चालत निघालेले वाटसरू. वीज गेलेली, फोन मुके. अंधारात खालून भांड्यांचा आवाज येई, आणि मध्येच काहीतरी मोठे भिंतीला धडके. सकाळी पाहिले तर ती तबेल्यातून वाहून आलेली म्हैस होती.

२८ तारखेच्या रात्री धरण फुटले, समुद्र चढला अशी आवई उठली. आमच्याकडेही धावपळ झाली, पण बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर चार बाया आडव्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी लोकांना बसवून ठेवले. जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत त्याच आवईपायी चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. पुराने सोडले त्यांना भीतीने नेले.

पाणी उतरले तेव्हा घरात गुडघाभर काळा रबडा. ट्रंक उघडली. तिच्यात आमचे सगळे होते: १९७६ च्या झोपडी-गणनेचा फोटोपास, शिधापत्रिका, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, माझी आणि भावाची गुणपत्रके, जातीचे दाखले, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, गिरणीतल्या त्यांच्या नोकरीचे एक पाकीट. सगळ्याची एक वीट झाली होती.

ओल्या कागदांविषयी त्या महिन्यात आम्ही जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात नव्हते. चिकटलेली पाने ओढून सोडवायला जाऊ नये, फाटतात. आधी स्वच्छ पाण्याच्या परातीत हलकेच ठेवून चिखल सोडवायचा, मग जुन्या वर्तमानपत्रात दाबून पाणी टिपायचे, वर्तमानपत्र दर तासाने बदलायचे, आणि मग वाऱ्यावर, उन्हात नव्हे, पसरायचे. बॉलपेनचे अक्षर बहुधा राहते. दौतीच्या शाईचे पसरते. रबरी शिक्के निळे डाग होऊन बसतात, आणि शिक्का गेला की सरकारी कागद आणि किराणा बांधायचा कागद यांत फरक उरत नाही. सर्वांत वाईट गत लॅमिनेशन केलेल्या कागदांची. आम्ही हौसेने, जपण्यासाठी म्हणून ते करून घेतलेले. कडेने पाणी आत शिरले आणि प्लास्टिकच्या आत कागद कुजला. विहारात आठवडाभर दोऱ्या बांधून वस्तीचे कागद वाळत घातले होते. ज्याचा त्याला ओळखू यावा म्हणून चिमट्याला घराचा नंबर बांधलेला. वाचता येणारी मुले खाली बसून मोठ्याने नावे वाचीत, आणि म्हाताऱ्या बाया ‘ते आमचं, ते आमचं’ म्हणत पुढे येत.

मग पंचनामेवाले आले. सरकारने पूरग्रस्तांना रोख मदत आणि धान्य जाहीर केले होते. आता पंचनामा ही गोष्ट कशी चालते ते पाहा. कर्मचाऱ्याने घर पाहायचे, नुकसान लिहायचे, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. इतके सरळ. पण घर कुणाचे, हे त्याने कशावरून ठरवायचे? शिधापत्रिकेवरून. शिधापत्रिका वाहून गेली हेच तर नुकसान. ‘वाहून गेली याला पुरावा काय?’ हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. बोलणारा दुष्ट नव्हता. तोही तीन रात्री झोपला नव्हता, आणि वरिष्ठ त्याला हेच विचारणार होते. भाडेकऱ्यांचे तर आणखी वाईट: घर मालकाच्या नावाने, मालक गोरेगावला, चिखल भाडेकऱ्याचा. आमच्या गल्लीत पहिल्या यादीत निम्मीसुद्धा नावे आली नाहीत.

मदतीच्या रकमेपेक्षा मोठी भीती वेगळीच होती. १ जानेवारी १९९५ पूर्वी तुम्ही त्या जागी राहात होता हे दाखवू शकलात तर तुमची झोपडी संरक्षित. नाही तर ती केव्हाही पाडण्याजोगी. दाखवायचे कशाने? फोटोपासाने, त्या वेळच्या मतदारयादीतल्या नावाने, जुन्या शिधापत्रिकेने. पुढे ती तारीख २००० पर्यंत आणली गेली, परंतु २००५ च्या त्या ऑगस्टमध्ये आमच्यापुढे १९९५ च होते आणि मागल्या हिवाळ्यातले बुलडोझर डोळ्यांपुढे होते. कागद गेला म्हणजे दहा वर्षांचे, कुणाचे तीस वर्षांचे राहणेच पुसले गेले.

वस्ती सावरली ती इथून. विहारात तीन टेबले मांडली. पहिल्यावर नोंदवही: घर क्रमांक, माणसे, काय काय गेले. दुसऱ्यावर अर्ज लिहून देणे: पोलीस ठाण्यात कागद गहाळ झाल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, दुय्यम शिधापत्रिकेची मागणी. तिसऱ्या टेबलावर सर्वांत महत्त्वाचे काम झाले. कुणाच्या तरी ध्यानात आले की माणसाचा कागद वाहून जातो, सरकारची मतदारयादी जात नाही. आम्ही जुन्या यादीच्या प्रती मिळवल्या आणि रात्रशाळेची मुले रात्र रात्र बसून त्यातून वस्तीची नावे उतरवू लागली. नावे कशी लिहिलेली! ‘सखुबाई’ची ‘सरबुबाई’, बापाच्या जागी नवरा, नवऱ्याच्या जागी सासरा. प्रत्येक चूक म्हणजे पुन्हा एक प्रतिज्ञापत्र. तरी तीन महिन्यांत बहुतेक घरांच्या हाती १९९५ च्या यादीतला स्वतःचा अनुक्रमांक एका चिठ्ठीवर लिहिलेला होता. हे काम कुठल्या पक्षाने केले नाही, कुठल्या पुढाऱ्याच्या फलकावर ते आले नाही. ते मुख्यतः बायांनी केले, कारण पुरुषांना कामावर हजर होणे भाग होते.

त्या कामाविषयीही लिहिले पाहिजे. शहर पूर्वपदावर आले, मुंबईचा आत्मा की काय तो पुन्हा उभा राहिला, असे छापून येत होते. तो उभा करायला जे हात लागले त्यातले दोन आमच्या शेजाऱ्याचे. तो कचरा उचलणाऱ्या एका कंत्राटदाराकडे होता. त्याच्या घरात गुडघाभर रबडा तसाच असताना त्याला दुसऱ्या वॉर्डात मेलेली जनावरे ओढायला नेले. गमबूट नव्हते, हातमोजे नव्हते. पायाला चीर होती. ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हे जंतू जखमेवाटे अंगात शिरतात. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल, आणि उशीर झाला तर मूत्रपिंड जाते. वेळेवर डॉक्सिसायक्लिनच्या साध्या गोळ्या मिळाल्या तर माणूस वाचतो. आमचा शेजारी वाचला, पालिकेच्या रुग्णालयात पंधरा दिवस काढून. त्या पंधरा दिवसांचा रोज त्याला मिळाला नाही. हजेरीच्या वहीत त्याचे नावच नव्हते असे कंत्राटदाराने सांगितले. त्याचाही कागद नव्हता.

आता जातीच्या दाखल्याकडे येते. माझ्या धाकट्या भावाला त्याच वर्षी तंत्रनिकेतनात प्रवेश मिळायचा होता. दाखला गेला, दुय्यम प्रत हवी तर मूळ पुरावे पुन्हा द्या, असे एका कचेरीत सांगण्यात आले. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वी तुमचे कुटुंब या राज्यात राहात होते आणि तुमची जात अमुक होती हे दाखवावे लागते. १९५६ साली वडिलांच्या पिढीने धर्म बदलला, आम्हा मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर त्यांनी अभिमानाने ‘बौद्ध’ असे लिहून घेतले. १९९० पर्यंत केंद्राच्या सवलती बौद्धांना नव्हत्याच. त्या वर्षी कायदा दुरुस्त झाला. पण दाखला मागताना आजही मागे, त्या जुन्या शब्दापर्यंत जावे लागते. आजोबांच्या नावापुढे शाळेच्या रजिस्टरात ‘महार’ लिहिलेले सापडले पाहिजे, किंवा गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीत. ज्या शब्दातून सुटण्यासाठी माणसे नागपूरला गेली तो शब्द धुंडाळीत आम्ही पुन्हा गावाला निघालो. या गोष्टीचा राग येतो, आणि त्या रागाचे काय करावे हे मला अजून नीट कळलेले नाही. आरक्षणाचा हक्क सोडायचा नाही हे तर नक्कीच.

सप्टेंबरात मी आणि आई महाडला गेलो. तिथेही त्याच आठवड्यात आभाळ कोसळले होते. महाड बुडाले होते. जुई, कोंडिवते, रोहण आणि दासगाव इथे डोंगर खचून घरेच्या घरे माणसांसकट गाडली गेली होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रहाला जाताना बाबासाहेब बोटीने याच दासगावच्या बंदरात उतरले होते. एसटी तिथून जाताना आईने हात जोडले. कुणासाठी ते मी विचारले नाही. डोंगराच्या अंगावर लाल मातीचा पट्टा वरून खालपर्यंत सोललेला दिसत होता.

गावच्या शाळेचे रजिस्टर वरच्या फळीवर होते म्हणून वाचले होते. गुरुजींनी तीन तास शोधले. वाळवीने कडा खाल्लेल्या पानावर आजोबांचे नाव निघाले, तिसरीतून शाळा सोडल्याची नोंद, ‘कारण’ या रकान्यात एकच शब्द: गरिबी. आणि जातीच्या रकान्यात तो शब्द. आईला वाचता येत नाही. तिने विचारले, ‘कुठंय?’ मी बोट ठेवून दाखवले. ती म्हणाली, ‘एवढुसं?’ उतारा मिळाला, शिक्का घेतला. भावाचा प्रवेश त्या वर्षी गेला, पुढच्या वर्षी झाला.

वस्ती त्या पुराच्या आठवणीवर पुढे चालली. मिठीसाठी त्याच ऑगस्टमध्ये प्राधिकरण नेमले गेले, नदी खोल झाली, भिंती झाल्या, नाल्याकाठच्या काही घरांना दूर पाठवण्यात आले, त्यांच्या रोजगाराचे काय झाले हा वेगळ्या लेखाचा विषय. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता आणि सांताक्रूझला मे महिन्यात कधी न पडलेला पाऊस पडला. पुरात धोका खालून येतो, वादळात वरून. आमच्या गल्लीतले सात-आठ पत्रे उडाले, विहारावरचा एक. टाळेबंदीमुळे सगळे घरात होते. पण त्या दिवशी प्रत्येक घरातून पहिल्यांदा बाहेर आली ती एक जाड प्लास्टिकची, तोंड बांधलेली पिशवी. २००५ नंतर ती आढ्याला टांगलेली असते; वादळाची वर्दी आली की बाया ती उतरवून पोटाशी बांधतात. आत मूळ कागद, लॅमिनेशन न केलेले. प्रती विहाराच्या कपाटात.

दोनच महिन्यांनी, २२ जुलै २०२१ ला महाड पुन्हा बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली. मी गावच्या शाळेला फोन लावला. नव्या बाई होत्या, त्यांना मी कोण ते सांगावे लागले. त्या म्हणाल्या, कौले फुटली आहेत, एक वर्ग भिजला आहे, रजिस्टरे पंचायतीत हलवली आहेत, पाहून सांगते. चौथ्या दिवशी त्यांनी मोबाइलवर त्या पानाचे छायाचित्र पाठवले. कड आणखी खाल्ली गेली आहे. आजोबांच्या नावातले पहिले अक्षर आता दिसत नाही. रकाना अजून वाचता येतो.